नमुना क्रमांक सतरा

रक्त काढायला आलेल्या ताईंनी तिसरी नळी खिडकीच्या उजेडात धरली, डोळे बारीक केले आणि ती परत पिशवीत टाकून दिली. "काका, हिची तारीख उलटलीय. मागच्याच महिन्यात. साखरेची तेवढी राहील, उद्या परत येते मी." दोन नळ्या तोवर भरून झाल्या होत्या, एक जांभळ्या टोपणाची, एक पिवळ्या. दंडावरचा रबरी पट्टा अजून आवळलेला होता, सुई शिरेतच होती. लिफ्ट चार दिवसांपासून बंद आहे आणि मी चौथ्या मजल्यावर राहतो. ताई वर आल्या तेव्हा त्यांना धड बोलता येईना इतका दम लागला होता. म्हणून मी आपला मोठेपणा करत म्हणालो, "अहो, एका महिन्यानं काय होतंय? घ्या त्याच नळीत. कुणाला कळणार आहे?" त्यांनी सुई काढून कापूस दाबला, माझं कोपर दुमडून दिलं आणि सहज म्हणाल्या, "कुणाला नाही कळणार. पण आकडा तुमच्या नावावर लागेल ना काका."

एवढंच झालं. पुढे त्या नळ्यांवर माझं नाव, जन्मतारीख, वेळ लिहीत बसल्या. तारीख उलटलेली नळी पिशवीच्या तोंडाशी पडली होती, ती मी उचलली. छापलेलं दिसलं की वाचायचं, ही माझी जुनी खोड. औषधाच्या बाटलीवरचं, बिस्किटाच्या पुड्यावरचं, सगळं मी वाचतो. करड्या टोपणाखाली मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: सोडियम फ्लोराईड. "हे कशाला यात?" मी विचारलं. माझा आवाज मलाच जरा चिरका वाटला. ताई म्हणाल्या, "रक्त बाहेर काढलं तरी ते साखर खात राहतं ना. ते थांबवायला चिमूटभर घालतात. जुनं झालं की नीट थांबवत नसेल, कोण जाणे. आम्हाला एवढंच शिकवलंय, तारीख उलटली की वापरायची नाही." मग त्यांनी चपला घातल्या, उद्याही उपाशीपोटी राहायचं, साधं पाणी प्यायलं तर चालेल, असं बजावलं, आणि त्या जिने उतरत गेल्या. चारही मजले त्यांच्या चपला मला ऐकू येत होत्या.

साधं पाणी. तेहतीस वर्षं मी साध्या पाण्यावर पोट भरलं. खेड्यापाड्यांना पिण्याचं चांगलं पाणी पुरवायचं एक सरकारी खातं असतं, त्यात मी तपासनीस होतो. गावोगाव जायचं, विहिरीचं, झऱ्याचं, पंपाचं पाणी बाटलीत भरायचं, काही चाचण्या तिथेच पेटी उघडून करायच्या, उरलेल्यासाठी बाटली प्रयोगशाळेत जमा करायची आणि नोंदवहीत लिहायचं: पिण्यास योग्य, पिण्यास अयोग्य. फ्लोराईड म्हणजे काय हे मी इतक्या सभांमधून सांगितलंय की झोपेतही सांगेन. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. थोडं असलं तर दातांना बरं. जास्त असलं तर आधी पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, मग वर्षानुवर्षं तेच पाणी पीत राहिलं की हाडं आखडतात, मान वळत नाही, कंबर सरळ होत नाही. उकळून जात नाही, गाळून जात नाही. लोक ऐकून घ्यायचे आणि शेवटी कोणीतरी विचारायचं, साहेब, मग ओळखायचं कसं? मी म्हणायचो, जिभेला कळत नाही, बाटलीला कळतं. या वाक्यावर मी फार खूश असायचो.

ताई गेल्यावर मी चहा टाकला. एका कपाचा चहा करणं ही एक विद्याच आहे. तीन वर्षं झाली बायको जाऊन, तरी माझ्या हातून दीड कप होतो आणि अर्धा कप ओट्यावर गार होत राहतो. स्वयंपाकघरात भिंतीवर पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. मुलीनं लावून घेतलंय. तीच माझ्या तपासण्या ठरवते, तिथून, जिथे माझी सकाळ तिची झोपायची वेळ असते. यंत्राचा निळा दिवा लागतो आणि ते मधूनमधून घसा खाकरल्यासारखं वाजतं. घरात दुसरा आवाज नाही, त्यामुळे मी कधीकधी त्याला "काय म्हणतोस?" असं विचारतो. आज विचारलं नाही. बाहेरच्या खोलीत काचेच्या कपाटाकडे पाठ करून बसलो. त्या कपाटात, मुलीच्या बक्षिसांच्या शेजारी, एक रिकामी प्लास्टिकची बाटली आहे. तिला लाल रिबीन बांधलेली आहे, आणि लेबलावर सुंदर अक्षरांत लिहिलंय: नमुना क्रमांक सतरा. निवृत्तीच्या समारंभात ऑफिसनं दिलेली भेट. मला ऑफिसात 'नमुना' म्हणायचे. नमुनासाहेब आले, नमुनासाहेब गेले. चेष्टेनं म्हणायचे, पण प्रेमानं. कारण ती गोष्ट माझीच होती, मीच पिकवलेली, वर्षानुवर्षं प्रत्येक सहलीत आणि प्रत्येक निरोपसमारंभात रंगवून सांगितलेली.

गोष्ट अशी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मी डोंगरावरच्या एका वाडीत गेलो होतो. रस्ता नव्हता, पाच तास चढण. वाडीच्या लोकांनी दोन उन्हाळे खपून स्वतः विहीर खणली होती, सत्तर फूट, खाली सगळा कातळ. तोवर ती माणसं ओढ्याचं पाणी पीत होती आणि दर पावसाळ्यात जुलाबांनी पोरं दगावत होती. विहिरीला पाणी लागलं आणि आता खात्यानं पास करायचं, मग त्यावर पंप बसणार, असं होतं. मी पेटी उघडली, एकेक चाचणी केली, सगळं छान. फ्लोराईडचं द्रावण मात्र संपलेलं. आदल्या गावात शेवटचे थेंब गेले होते. तशी अडचण काही नव्हती, नियमच होता: बाटली भरा, प्रयोगशाळेत द्या. मी बाटली भरली, नमुना क्रमांक सतरा असं लेबल लावलं, सील केलं. आणि उतरताना, भर दुपारी, माझी पाण्याची पिशवी संपली, घशाला कोरड पडली, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, आणि मी नमुना प्यायलो. सरकारी नमुना! इथे लोक हसायला लागायचे. मी हात वर करून थांबवायचो आणि म्हणायचो, थांबा, अहवाल तर ऐका: रंग नाही, वास नाही, चव अमृतासारखी, पिण्यास अत्यंत योग्य! मग टाळ्या. एकदा मोठे साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि त्यांनाच पाणी द्यावं लागलं.

त्या हशात कोणीही कधी पुढचा प्रश्न विचारला नाही. सगळे पाण्याच्याच खात्यातले, बाटली जमा केल्याशिवाय नोंद होत नाही हे पाठ असलेले लोक. पण हसणारा माणूस प्रश्न विचारत नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. मी ती गोष्ट सांगत राहिलो ती कदाचित म्हणूनच. बायकोनं मात्र विचारलं. ऑफिसचे चौघे जेवायला आले होते, जेवून, गोष्ट ऐकून, हसून गेले, दुपार होती, ती ताटं उचलत होती. माझ्यासमोरचं ताट उचलता उचलता म्हणाली, "मग ऑफिसात जमा काय केलंत?" तिला पाण्यातलं काही कळत नव्हतं. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि पोरांनी गृहपाठ खरंच केलाय की नाही हे तोंडाकडे बघून ओळखायची. मी म्हणालो, "पाणी दे जरा." तिनं पाणी दिलं. मी पेला रिकामा करेपर्यंत ती उभी राहिली, मग पेला घेऊन आत गेली. पुढची सतरा-अठरा वर्षं तिनं तो विषय काढला नाही. पण त्यानंतर मी ती गोष्ट सांगायला लागलो की ती उठून आत जायची. काहीतरी आणायला म्हणून जायची आणि काहीही न आणता परत यायची.

जमा काय केलं? आज खुर्चीत बसून, कोपरावरचा कापूस न काढता, मी ते पहिल्यांदा स्वतःशी सरळ वाक्यात म्हणायचा प्रयत्न केला. वळणावर एक झाड होतं. त्याच्या सावलीत बसून मी आधी बाटली नुसती कपाळाला लावली. मग वाटलं, एक घोट. प्रयोगशाळेला लागतं किती, अर्धी बाटली पुरते. सील काढलं. मोहोर माझ्याच खिशात होती, पुन्हा लावता आलं असतं. एक घोट झाला, मग दुसरा. अर्ध्यावर थांबलो होतो, हे मला पक्कं आठवतं. अर्ध्यावर थांबून बूच लावलं होतं. मग पुन्हा काढलं. शेवटी तळाला चार बोटं पाणी उरलं तेव्हा कळलं की आता ते काहीच कामाचं नाही, उलट इतकंसं नेलं तर विचारतील. म्हणून ते मी ओतून न देता पिऊन टाकलं. या शेवटच्या चार बोटांची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. ती तहान नव्हती. खाली उतरल्यावर बसच्या थांब्यावर नळ होता, जवळच्या शहराच्या टाकीवरून आलेला. बस सुटायला दहा मिनिटं होती. वर परत जायचं म्हणजे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी रविवार. रविवार! घरी कोणी आजारी नव्हतं, काही अडलं नव्हतं. नुसता रविवार होता. मी बाटली त्या नळाखाली धरली, भरली, पुसली, सील केलं आणि खिडकीची जागा पकडली.

प्रयोगशाळेतले केमिस्ट जुने, खवचट गृहस्थ होते. अहवाल देताना चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय हो, तुमच्या डोंगरावर क्लोरीन कुठून आला? नळ आहे का वर?"  तोंड माझं आधीपासून चलाख. "नवी विहीर, साहेब. ब्लीचिंग पावडर टाकली होती लोकांनी." टाकतातही. ते म्हणाले, "शहाणे आहेत लोक." आणि सही केली. फ्लोराईड ०.४. उत्तम. पिण्यास योग्य. आकडा खोटा नव्हता, हे लक्षात घ्या, मी स्वतःला कितीतरी वेळा हेच सांगितलंय. मी मनानं आकडा लिहिला नाही. मोजलेला, सहीशिक्क्याचा, खरा आकडा होता तो. फक्त पाणी दुसऱ्या गावचं होतं. त्या दिवसापासून कागदावर ती वाडी शहराचं पाणी पितेय.

आणि मी म्हणायचो, बाटलीला कळतं. बाटलीला कळलं असतं. जिभेला काय कळणार? पाच तास उन्हात चाललेल्या माणसाच्या जिभेला गटाराचंही गोड लागेल. मी त्या दिवशी पाण्याची चव नाही घेतली, माझ्या तहानेची घेतली. पाणी चांगलं असेलही. शक्यता मोठी आहे. आजूबाजूच्या सोळा गावांपैकी अकरा ठिकाणी चांगलं निघालं होतं. अकरा या आकड्यावर मी अठ्ठावीस वर्षं शांत झोपलो, उरलेल्या पाचांकडे कूस बदलून. नोकरीत असताना हवं तेव्हा पुन्हा नमुना मागवता आला असता. दोनदा फाईल काढली, दोनदा ठेवली. मागवला आणि वाईट निघाला तर आधीचा चांगला कसा, हे कोणीतरी विचारणार. मग निवृत्त झालो आणि प्रश्नच मिटला, म्हणजे मला तसं वाटलं. "आकडा तुमच्या नावावर लागेल ना काका." तारीख उलटलेल्या एका नळीसाठी ती बाई उद्या पुन्हा चार मजले चढणार होती.

अकराच्या सुमारास मी ऑफिसात फोन लावला. आमच्यात सगळ्यांत शेवटी लागला म्हणून ज्याला आम्ही धाकटा म्हणायचो, तो आता तिथला साहेब आहे. "अरे वा, नमुनासाहेब!" तो ओरडलाच. "आजच तुमची आठवण निघाली होती. नव्या पोरींना तुमची गोष्ट सांगत होतो. काय हसल्या!" मी तब्येतीचं, बंद लिफ्टचं, काहीबाही बोललो. मग त्या वाडीचं नाव घेतलं, तिथे आता कसं काय म्हणून. "ती वाडी? तिथे तर आता रस्ता झालाय, सर. आणि घरोघरी नळ दिलेत आपण. वरच्या चार वाड्या मिळून एकच योजना. कुठून पाणी घ्यायचं यावर बरीच चर्चा झाली, पण तुमच्या विहिरीचा आकडा इतका सुंदर होता की डोळे झाकून तीच घेतली." डोळे झाकून. मी विचारलं, "मधे कधी परत तपासलं असेल ना?" "जंतूंसाठी दरवर्षी होतं. फ्लोराईड म्हणाल तर, ज्यांचा आकडा काठावर असतो त्यांचंच पुन्हा बघतो. माणसं कुठे आहेत, सर? तुमच्या वेळचे निम्मे राहिलो. शून्य पॉइंट चारवाल्यांकडे कोण जातंय?" मग तो म्हणाला, "का हो सर, काही विशेष?" माझ्या जिभेच्या टोकावर होतं. चार वाड्या. आधी एक होती, आता चार झाल्या, आणि चौघींच्या दारात पाणी मी नेऊन पोचवलंय. मी म्हणालो, "नाही रे, सहज." "या एकदा ऑफिसात," तो म्हणाला, "पोरींना तुमच्या तोंडून ऐकायचीय." मी फोन ठेवला. कपाळाला घाम आला होता. बायको असती तर म्हणाली असती, पंखा तरी लावा. मी उठून पंखा लावला.

त्या दिवशी मी काही केलं नाही. जेवलो, पेपर दोनदा वाचला, खाली जाऊन लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याची चौकशी केली आणि त्याच्याशी उगाच भांडलो. संध्याकाळी बारा तासांच्या हिशेबानं लवकर खाऊन घेतलं आणि यंत्राखाली पेला धरला. पेला भरताना त्या पाण्याकडे असा पाहत राहिलो की ते काठावरून हातावर सांडलं.

सकाळी साडेसातला ताई आल्या. पुन्हा दम, पुन्हा खुर्चीच्या पाठीला हात टेकून दोन मिनिटं उभ्या. नवी करडी नळी त्यांनी मला मुद्दाम दाखवली, तारखेवर बोट ठेवून. मी हात पुढे केला. पट्टा आवळला गेला. आणि मी, का ते देव जाणे, त्यांना ती गोष्ट सांगायला लागलो. नेहमीसारखीच सांगितली, डोंगर, ऊन, काजवे, सरकारी नमुना, चव अमृतासारखी. माझे हातवारे तेवढे नव्हते, कारण एक हात त्यांच्याकडे होता. ताई हसल्या नाहीत. शीर शोधत होत्या. बोटानं कोपराच्या खळीत दाबून बघत म्हणाल्या, "मग जमा काय केलंत?"

अठ्ठावीस वर्षांत विचारणारं हे दुसरं माणूस. मला एकदम रडू फुटेल असं वाटलं, आणि ते सुईमुळे आहे असं त्यांना वाटेल या विचारानं थोडं बरंही वाटलं. मी म्हणालो, "नळाचं पाणी. बसच्या थांब्यावर नळ होता." सुई आत गेली. नळीत रक्त चढायला लागलं. ताई नळीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. नळी भरल्यावर विचारलं, "आणि ती माणसं?" "तेच पाणी पितात. विहिरीचं. आता घरोघरी नळ आहेत." "चांगलं आहे का पण ते?" "माहीत नाही," मी म्हणालो. "कुणालाच माहीत नाही." हे म्हणताना मला कळलं की हे जगात फक्त मला माहीत आहे, कुणालाच माहीत नाही हे. आज सकाळी मी मेलो असतो तर ते माझ्याबरोबर गेलं असतं आणि आकडा मागे राहिला असता. ताईंनी नळी हळूहळू खालीवर केली, सात-आठ वेळा, मोजून. मग म्हणाल्या, "मूठ सोडा आता, काका." मूठ मी अजून आवळून धरली होती. त्या गेल्यावर मी काचेचं कपाट उघडलं, बाटलीची रिबीन सोडली, बाटली तीनदा विसळली आणि पालथी ठेवली. सुकेपर्यंत ओट्याशी उभा होतो.

दुसऱ्या दिवशी निघालो. बसनं सहा तास, मग डोंगराच्या पायथ्यापासून वर जाणारी जीप. पायथ्याचा थांबा तोच, नळ आता नव्हता, नुसता ओटा शिल्लक होता. जीपनं पाच तासांची चढण चाळीस मिनिटांत संपवली. ते वळणावरचं झाड मी शोधत होतो, ते कधी गेलं कळलंच नाही. वाडीत उतरलो तेव्हा दुपार होती. घरं बरीच पक्की झाली होती आणि खरोखर प्रत्येक दारात नळ होता, सिमेंटच्या छोट्या खांबाला बांधलेला. पहिल्याच दारात एक बाई धुणं वाळत घालत होत्या, माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान असतील. मी हाक मारली तर त्यांनी मान वळवली नाही, सगळं अंग वळवलं. कपाट फिरवावं तसं. मी तिथेच थांबलो.

"कोण पाहिजे?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पाण्याच्या ऑफिसातून आलोय, म्हणजे पूर्वी होतो, पाणी तपासायला न्यायचंय. "तपासायला काय, प्या ना आधी," त्या म्हणाल्या. "उन्हाचे आलात." भांडं भरून आणलं. मी ते हातात धरलं. शेजारच्या दारातल्या दोन पोरी काय आलंय ते बघायला पुढे आल्या, माझ्या हातातल्या रिबिनीचा वळ उमटलेल्या बाटलीला हसल्या, आणि मी त्यांचे दात बघितले. तपकिरी पट्टे, सभांमध्ये मी जी चित्रं दाखवायचो त्यांतलं तिसरं चित्र. माझी नजर बाईंनी पकडली. "आमच्याकडची पोरं अशी हसली की ओळखू येतात," त्या कौतुकानंच म्हणाल्या. "कुठेही जाऊ देत, म्हणतात वरच्या वाडीची. आणि माझी ही मान. इथे पन्नाशीला सगळ्यांचं असंच होतं, डोंगराची हवा." मग त्या विहिरीचं सांगायला लागल्या. त्यांचं नवीन लग्न झालं होतं तेव्हा विहीर लागली. त्याआधी ओढा होता, जावेची दोन पोरं गेली होती. "शहरातून एक साहेब आले होते चालत. त्यांनी पास केलं म्हणून पंप आला, आता नळ आला. विहिरीचं पाणी सुरू झालं आणि पोरं जायची थांबली. इथेच बसले होते ते. पाणी प्यायले आणि म्हणाले, गोड आहे."

"मी तो," मी म्हणालो.

त्यांनी मला निरखून पाहिलं, मग त्यांचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. त्या वळल्या, अख्ख्या वळल्या, आतल्या कुणाला तरी हाक मारायला. मी म्हणालो, "थांबा बाई. बोलावू नका कुणाला. आधी माझं ऐका." आणि मी सांगितलं. हातवारे न करता, हशासाठी न थांबता. बाटली भरली, वाटेत प्यायलो, खालच्या नळाचं पाणी भरून दिलं, त्या पाण्याचा आकडा तुमच्या विहिरीवर लागला. तुमची मान, या पोरींचे दात, हे हवेनं नाही, बहुतेक पाण्यानं. आधी वाटलं त्यांना कळलं नाही, कारण त्या तशाच उभ्या होत्या, हातात एक ओला कपडा पिळलेला. पोरी हसायच्या थांबल्या होत्या. मग त्यांनी तो कपडा दोरीवर टाकला, नीट ताणून टाकला, आणि विचारलं, "मग आता आम्ही कोणतं पाणी प्यायचं?"

तेहतीस वर्षांच्या नोकरीत मला हा प्रश्न आला नव्हता. मी योग्य किंवा अयोग्य लिहायचो आणि निघायचो. मी म्हणालो, उद्या सकाळी बाटली जमा करतो, स्वतः सही करून देतो की मागचा आकडा खोटा होता, मग ऑफिसला यावंच लागेल, फ्लोराईड काढणारं यंत्र बसवावं लागेल, किंवा दुसरीकडून पाणी, काहीतरी. "आणि तोपर्यंत?" त्या म्हणाल्या.  त्यांनी ओढ्याच्या दिशेला पाहायला पुन्हा सगळं अंग वळवलं, आणि पुन्हा माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "भरा मग," त्या म्हणाल्या, "चारची जीप चुकेल."

मी नळाखाली बाटली धरली. भरली, बूच लावलं, वर चिकटपट्टी गुंडाळली. जुन्या लेबलावर वाडीचं नाव, तारीख, वेळ लिहिली आणि खाली माझं नाव लिहिलं. अक्षर धड आलं नाही. उठलो तर बाई घरातून दुसरी एक बाटली घेऊन आल्या होत्या, सरबताची जुनी, टोपण भलत्याच रंगाचं. ती त्यांनी त्याच नळाखाली भरली आणि माझ्यापुढे धरली. मला वाटलं, दुसरा नमुना देतायत. "हे वाटेत प्यायला," त्या म्हणाल्या. "दुसरं कुठून देणार? पण तहान लागली तर हेच प्या. ती बाटली राहू द्या."

जीप सुटली. नमुन्याची बाटली मी दोन्ही गुडघ्यांमध्ये धरली होती आणि सरबताची हातात. ऊन सगळं माझ्याच बाजूला होतं. पायथ्याला बस मिळेपर्यंत मी कळ काढली, बसमध्येही तासभर काढली. मग घसा अगदी सुकला तेव्हा त्यांनी दिलेल्या बाटलीचं टोपण काढलं आणि प्यायलो. पाणी गोड होतं.